कवायतमास्तर कसा घडतो

“शिटी वाजविण्यास का शिक्षण लागतें?” हा प्रश्न आम्हांस आजवर किती वेळां ऐकावा लागला, त्याची गणती आम्हीं ठेविली नाहीं. गणिताच्या किंवा इंग्रजीच्या शिक्षकास असा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. विचारणारांच्या मनांत कांहीं वाईट असतें असेंहि नाहीं. मैदानावर उभा असलेला मनुष्य त्यांस दिसतो. तेथें उभा राहण्यापूर्वीं तो काय शिकला हें त्यांस दिसत नाहीं, इतकेंच. यंदांच्या वार्षिक अंकाच्या मराठी विभागासाठीं कांहीं लिहून द्या, अशी विनंति विद्यार्थी संपादकांनीं केली, तेव्हां याच प्रश्नाचें उत्तर जरा सविस्तर द्यावें असें मनांत आलें. याला आणखी एक कारण आहे. आमच्या शाळेंतील एखाददुसरा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी दरवर्षीं व्यायामशिक्षक होण्याची इच्छा बोलून दाखविते, आणि त्यावरून घरांत कांहीं दिवस अबोला धरला जातो. तसा अबोला एके काळीं आमच्याहि घरीं होता. म्हणून आईबापांची बाजू आम्हांस ठाऊक नाहीं असें कोणीं समजूं नये.

आमचे आजोबा नगर जिल्ह्यांतील एका खेड्यांत तराळकी करीत. तराळकी म्हणजे काय, हें आजच्या मुलांस सांगितलें पाहिजे. गांवचें सरकारी टपाल तालुक्यास पोंचविणें, कोणी मयत झाल्यास त्याची वर्दी परगांवीं नेणें, आणि कोणी अंमलदार घोड्यावरून निघाला कीं त्याच्या घोड्यापुढें धांवणें, हीं कामें महार वतनदारांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलीं होतीं. ऊन असो कीं चिखल असो, पायांत वहाण असो कीं नसो, धांवणें चुकत नसे. हीं वतनें मुंबई राज्यांत १९५८ सालच्या कायद्यानें बंद करण्यांत आलीं; परंतु त्यापूर्वींच आजोबांनीं आपल्या मुलास, म्हणजे आमच्या वडिलांस, मिशनच्या बोर्डिंगांत घातलें होतें. मुलानें कोणाच्याहि घोड्यापुढें धांवूं नये, एवढाच त्यांचा हेतु होता. वडील शिकले, प्राथमिक शाळेंत शिक्षक झाले, आणि गणिताचे मास्तर म्हणून पंचक्रोशींत नांवाजले गेले.

अशा घरांत आम्ही वाढलों. मिशनच्या कॉलेजांतून बी. ए. झाल्यावर आम्हीं व्यायामशिक्षणाचा अभ्यासक्रम करण्याचा मनोदय सांगितला. कॉलेजांत आम्ही ८०० मीटरांच्या शर्यतींत धांवत असूं. त्यांत फार मोठें नांव मिळविलें होतें असें नाहीं, परंतु सुटींत गांवीं आल्यावर लहान मुलांस जमवून खेळविण्यांत जो आनंद होई, तो दुसऱ्या कशांतहि होत नसे. वडील रागावले नाहींत. ते बराच वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले, “तुझा आजा धांवला, तो मीं बसून लिहावें म्हणून. मीं बसून लिहिलें, तें तूं पुन्हां धांवावेंस म्हणून का?” या प्रश्नाला आमच्याजवळ तेव्हां उत्तर नव्हतें. वडिलांनीं फीचे पैसे दिले, पण आमच्याशीं बोलणें टाकलें. आईनें मात्र निमूटपणें ट्रंक भरली, आणि बाजरीच्या भाकरी व शेंगदाण्याची चटणी फडक्यांत बांधून दिली.

सन २००३ च्या पावसाळ्याच्या आरंभीं आम्हीं दौंडास मद्रासकडे जाणारी गाडी धरिली. सोलापूर, वाडी, रायचूर, गुंटकल, रेणीगुंटा अशीं स्टेशनें मागें पडत गेलीं, तसतशी फलाटावरची भाषाहि बदलत गेली. आणि दुसऱ्या दिवशीं चेन्नईस उतरलों तेव्हां पाण्याला काय म्हणावें हेंहि आम्हांस ठाऊक नव्हतें. आम्ही दाखल झालों तें नंदनम भागांतील वाय. एम. सी. ए. चें शारीरिक शिक्षण महाविद्यालय. हॅरी क्रो बक नांवाच्या अमेरिकन गृहस्थांनीं तें १९२० सालीं सुरू केलें. आशिया खंडांतील अशा प्रकारच्या सर्वांत जुन्या संस्थांत त्याची गणना होते. बक यांचें स्वतःचें शिक्षण अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या विद्यालयांत झालें होतें. १९२४ सालीं पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानांतून खेळाडू गेले, तेव्हां बक त्यांच्याबरोबर होते; आणि १९४३ सालीं ते वारले तोंपर्यंत या देशांतील शाळांना व्यायामशिक्षक पुरविणें हेंच त्यांचें जीवितकार्य होतें. आपल्या महाराष्ट्रांतहि हें कार्य उपेक्षित नव्हतें, हें येथें सांगणें न्याय्य होईल. अमरावतीचें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचें आहे, आणि त्याच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथें आपले देशी खेळ जगास करून दाखविले.

आमचा दिवस पहांटे पांचाच्या सुमारास सुरू होई. सकाळीं मैदान, मग वर्गांतील व्याख्यानें, आणि ऊन उतरल्यावर पुन्हां मैदान. पहिल्या आठवड्यांतच पायांना फोड आले. भाकरीची संवय असलेल्या पोटास तिन्ही त्रिकाळ भात मानवण्यास महिना लागला. आमच्या खोलींतील तमिळ सोबती हुतूतूला चडुगुडु म्हणत. खरें नांव कोणतें यावरून पहिल्याच रात्रीं वाद झाला, आणि दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं मैदानावर त्याचा निकाल लावण्याचें ठरलें. आम्ही “हुतूतू” म्हणत त्यांच्या अंगणांत शिरलों, ते “चडुगुडु” म्हणत आमच्या अंगणांत शिरले. दम कोणाचा आधीं तुटला हें आज आठवत नाहीं, पण त्या दिवसापासून ते आमचे मित्र झाले.

व्याख्यानें ऐकून आमची समजूत कशी बदलत गेली, हें सांगावयाचें तर बास्केटबॉलच्या जन्मकथेपासूनच आरंभ केला पाहिजे. जेम्स नेस्मिथ हे कॅनडाचे रहिवासी. त्यांनीं धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा केला होता. परंतु तरुणांची सेवा व्यासपीठावरून जशी होते तशी मैदानावरूनहि होऊं शकते, असें वाटून ते स्प्रिंगफील्डास आले. १८९१ च्या हिवाळ्यांत तेथील मुख्य शिक्षक लूथर गुलिक यांनीं त्यांच्याकडे एक कठीण वर्ग सोंपविला. बाहेर बर्फ, आंत रोज तीच कवायत आणि तेंच कदमताल. अठरा तरुण इतके कंटाळले होते कीं त्यांना शिकवून पूर्वींचे शिक्षक हात टेकून बसले होते. नेस्मिथना नवा खेळ शोधण्यास दोन आठवड्यांची मुदत मिळाली. मैदानी फुटबॉल त्यांनीं घरांत आणून पाहिला, लॅक्रॉस आणून पाहिला. दोहोंतहि मुलें एकमेकांवर आदळूं लागलीं. तेव्हां त्यांनीं विचार केला: मारामारी कां होते? हातांत चेंडू घेऊन मनुष्य पळतो, आणि त्याला अडविण्यास त्याच्यावर झडप घालावी लागते, म्हणून होते. तर मग चेंडू घेऊन पळण्यासच मनाई केली म्हणजे झालें! चेंडू इतक्या जोरानें कां मारतात? गोल समोर उभा असतो म्हणून. तर मग गोल डोक्याच्या वर आडवा ठेवावा, म्हणजे जोरापेक्षां नेमकेपणास मान मिळेल. शाळेच्या रखवालदाराजवळ पीचच्या दोन टोपल्या होत्या. त्या सज्जाच्या कठड्याला दहा फूट उंचीवर ठोकण्यांत आल्या, तेरा नियम कागदावर लिहून भिंतीला लावले, आणि नऊ-नऊ जणांचा तो पहिला सामना झाला.

ही हकिकत सांगून आमच्या प्राध्यापकांनीं वर्गास प्रश्न घातला: “नेस्मिथनीं खेळापासून आरंभ केला कीं विद्यार्थ्यांपासून?” आम्हीं सर्वांनीं उत्तर दिलें, “विद्यार्थ्यांपासून.” “मग तुम्हीहि तसेंच करा,” एवढें बोलून त्यांनीं पुढचा विषय घेतला. चारच वर्षांनीं, १८९५ सालीं, त्याच परंपरेंतील विल्यम मॉर्गन यांनीं होलिओक गांवीं व्हॉलीबॉल निर्माण केला, तोहि असाच. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रौढ व्यापाऱ्यांस बास्केटबॉलची धांवपळ सोसत नव्हती. आज जगभर खेळले जाणारे हे दोन खेळ कोणा विजेत्याच्या हौसेंतून निघालेले नाहींत. एका कंटाळलेल्या वर्गासाठीं आणि दुसरा थकलेल्या माणसांसाठीं शिक्षकानें शोधला आहे. हें कळल्यापासून आम्ही खेळाकडे निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों.

शरीरशास्त्राचा अभ्यास हा दुसरा धडा. लहान मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस, अशी आमची भोळी समजूत होती. वाढत्या मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशीं अद्याप कूर्चा असते, आणि तेथूनच हाड वाढतें. म्हणून अतिरेकी भार त्यांस घातक ठरतो, हें आम्ही तेथें शिकलों. नाडी कशी मोजावी, उन्हानें चक्कर आलेल्यास सावलींत आडवें करून पाय कसे उंच धरावे, मुरगळलेल्या घोट्यास विश्रांति, बर्फ व पट्टी कशी द्यावी, घाम येत असतां पाणी न देणें हें शिस्तीचें लक्षण कसें नव्हे, अशा शेंकडों गोष्टी वहींत उतरल्या. त्यांपैकीं एक वाक्य आम्हीं वहीच्या पहिल्या पानावर पुन्हां लिहून काढलें. धांवणें ही शिक्षा म्हणून कोणाहि मुलास कधींहि देऊं नये, असा एका प्राध्यापकांचा कटाक्ष होता. गृहपाठ केला नाहीं, मार मैदानाला पांच फेऱ्या. उशीर झाला, मार दहा. ही रीत शाळाशाळांतून चालते. ज्या गोष्टीची गोडी लावावयाची तीच गोष्ट दंड म्हणून द्यावयाची, हें कसलें शिक्षण, असें ते म्हणत. त्या रात्रीं आम्हीं वडिलांस पत्र घातलें, आणि आजोबांच्या धांवण्याचा उल्लेख न करितां हें वाक्य तेवढें उतरून पाठविलें. त्या पत्राचें उत्तर आलें नाहीं.

तिसरा धडा मैदान आखण्याचा. हा विषय मुलांना रुक्ष वाटतो, परंतु आम्हांस त्यांतच सर्वांत अधिक शिकावयास मिळालें. फीत, सुतळी, लोखंडी खुंट्या, हातोडा आणि फक्कीचें घमेलें एवढें साहित्य घेऊन चार-चार जणांस मोकळ्या जागेंत सोडून देत. काटकोन कसा काढावा? सुतळीचा तीन, चार व पांच मीटरांचा त्रिकोण ताणला कीं काटकोन आपोआप मिळतो. ४०० मीटरांच्या मार्गांत दोन सरळ बाजू ८४.३९ मीटरांच्या, आणि दोन अर्धवर्तुळें ३६.५० मीटर त्रिज्येचीं. धांवणारा कडेला चिकटून धांवत नाहीं, म्हणून आंतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेरची रेघ धरून मोजावयाचें. म्हणजे वळणांचे २३१.२२ आणि सरळ बाजूंचे १६८.७८ मिळून बरोबर ४०० मीटर होतात. प्रत्येक धांवपट्टी १.२२ मीटर रुंद. आतां बाहेरच्या पट्टीचें वळण आंतल्या पट्टीच्या वळणाहून लांब असणारच. म्हणून बाहेरच्या धांवपटूस तेवढें अंतर पुढें उभें करावें लागतें. याला मैदानावरच्या भाषेंत ‘स्टॅगर’ म्हणतात. दुसऱ्या पट्टीचा स्टॅगर ७.०४ मीटर, आणि आठव्या पट्टीचा ५३.०३ मीटर! प्रेक्षकास वाटतें कीं आठव्या पट्टीतला गडी अर्धें मैदान फुकट घेऊन बसला. वस्तुतः त्याला एक वीतहि फुकट मिळालेली नसते. सर्वांची वाट मोजून सारखी केलेली असते. फक्की ओतून पाठ मोडून घेतल्यावर आणि प्राध्यापकांनीं फीत लावून आमची चार अंगुळांची चूक दाखविल्यावर आम्हांस कळलें कीं न्याय ही नुसती मनांत धरण्याची गोष्ट नव्हे. ती जमिनीवर मोजून काढावी लागते.

चौथा धडा सरावपाठांचा. शहरांतील एका शाळेंत इयत्ता आठवीचा वर्ग आम्हांस मिळाला. पाठाचें टांचण इंग्रजींत, मुलें तमिळ बोलणारीं, आणि आमची जीभ मराठी. ‘वा’ म्हणजे ये, ‘ओडु’ म्हणजे धांव, ‘निल्’ म्हणजे थांब, आणि ‘तम्बी’ म्हणजे धाकटा भाऊ, एवढ्या चार शब्दांच्या भांडवलावर आम्ही मैदानावर उतरलों. जेथें शब्द नाहींत तेथें करून दाखविल्याविना गत्यंतर नसतें. आम्हीं एक उडी मारून दाखविली कीं चाळीस मुलें मारीत. उडी वांकडी पडली तर चाळीस वांकड्या उड्या पडत. आपलें शरीर हेंच विद्यार्थ्याचें पाठ्यपुस्तक असतें, आणि त्यांत शुद्धलेखनाच्या चुका असून चालत नाहीं, हें त्या दिवसांत आम्ही शिकलों.

त्या वर्गांत एक मुलगा रोज लिंबाच्या झाडाखालीं बसे. लहानपणच्या पोलिओनें त्याचा एक पाय लुळा झाला होता. बाकीचे खेळावयास निघाले कीं आपापलीं दप्तरें त्याच्यापुढें टाकीत, आणि तो तीं सांभाळी. यांत कोणाचा दुष्टपणा नव्हता. तशी रीतच पडून गेली होती. दप्तरें सांभाळणारा असा एक तरी मुलगा प्रत्येक शाळेंत असतो. आम्हांस नेस्मिथांचा वर्ग आठवला. बसून खेळावयाचा व्हॉलीबॉल अपंग खेळाडूंच्या जागतिक सामन्यांत १९८० सालापासून खेळला जातो, हें आम्हीं पुस्तकांत वाचलें होतें. पुरुषांच्या खेळांत त्याची जाळी अवघी १.१५ मीटर उंच असते, आणि खेळाडूची बैठक चेंडू मारतांना जमिनीवरून उचलतां कामा नये असा नियम आहे. दुसऱ्या दिवशीं आम्हीं दोन खुंट्यांना तेवढ्या उंचीवर दोरी बांधिली, आणि सर्व वर्गास खालीं बसविलें. पायांवर नाचणारीं मुलें बसल्यावर गोंधळलीं. तो मुलगा मात्र वर्षानुवर्षें काठीच्या आधारानें वावरलेला. त्याचे खांदे आणि मनगटें वर्गांत सर्वांत बळकट होतीं. त्याचा चेंडू कोणास परतवतां येईना. तास संपल्यावर “अजून, अजून” असा ओरडा झाला, तो समजावयास तमिळ येण्याची जरूर नव्हती. त्याचा पाय कांहीं बरा झाला नाहीं, आणि पुढच्या तासाला इतर खेळ होते तेव्हां तो पुन्हां झाडाखालीं गेलाहि. पण दप्तरें आतां कोणीं सांभाळावयाचीं, असा प्रश्न वर्गाला प्रथमच पडला, आणि मुलांनीं पाळी लावून घेतली. पाहणीस आलेल्या प्राध्यापकांनीं आमच्या टांचणवहींत त्या दिवशीं एकच शब्द लिहिला: “चालूं द्या.”

ख्रिस्ती संस्थेंत असें शिक्षण घेतल्यानें निराळें काय मिळतें, असेंहि कोणी विचारतात. वाय. एम. सी. ए. चें लाल त्रिकोणाचें चिन्ह पुष्कळांनीं पाहिलें असेल. आत्मा, मन आणि शरीर या तीन बाजू मिळून मनुष्य पुरा होतो, ही त्याच्यामागची कल्पना; ती वर उल्लेखिलेल्या गुलिक यांनींच १८९१ मध्यें मांडली. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांत बाळ येशूची वाढ कशी झाली याचें जें वर्णन आहे, त्यांतहि ज्ञानाबरोबर शरीराचा उल्लेख आला आहे. तथापि आमच्या वर्गांत हिंदु होते, मुसलमान होते, मुलीहि होत्या, आणि कोणास एकमेकांच्या देवाविषयीं वाद घालावयास सवड नव्हती. ख्रिस्ती वृत्ति म्हणजे काय, हें आम्हांस एका चरित्रानें अधिक स्पष्ट केलें. बक ज्या १९२४ च्या पॅरिस सामन्यांस गेले होते, तेथेंच स्कॉटलंडच्या एरिक लिडल यांनीं १०० मीटरांची प्राथमिक शर्यत रविवारीं आहे म्हणून तींत धांवण्याचें नाकारलें, आणि पुढें ४०० मीटरांत ४७.६ सेकंदांत धांवून सुवर्णपदक मिळविलें. ही गोष्ट सर्वांस ठाऊक असते. परंतु पुढची गोष्ट थोडेच सांगतात. लिडल कीर्तीच्या शिखरावर असतां चीन देशांत गेले, आणि तेथें शाळेंत विज्ञान व खेळ शिकवीत राहिले. दुसऱ्या महायुद्धांत जपानी सैन्यानें १९४३ सालीं त्यांस वैशिएन येथील छावणींत कोंडलें. त्या कुंपणाआड आईबापांपासून तुटलेल्या मुलांना ते शिकवीत, त्यांचे सामने लावीत. आणि तेथेंच १९४५ च्या फेब्रुवारींत त्यांचें देहावसान झालें. सुवर्णपदक मिळविणारा धांवपटु आणि छावणींतील मुलांचा खेळमास्तर, या दोन लिडलांपैकीं दुसरा आम्हांस मोठा वाटत आला आहे.

शिक्षण पुरें करून आम्ही परत आलों आणि नोकरीस लागलों. पहिल्याच वर्षीं शाळेच्या वार्षिक क्रीडामहोत्सवास आईच्या आग्रहानें वडीलहि आले. मैदान लहान, म्हणून २०० मीटरांचा मार्ग सहा पट्ट्यांचा आखला होता. मुलें सुरुवातीच्या रेघांवर उभीं राहिलीं, तेव्हां मागून कोणी ओरडलें, “मास्तर, तो बाहेरचा पोरगा पुढें कां? वशिल्याचा दिसतो!” लोक हंसले. वडील हंसले नाहींत. त्यांनीं आम्हांस जवळ बोलावून पट्टीची रुंदी तेवढी विचारली, आणि कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनें हिशेब मांडिला. आमच्या मैदानास आंतून उंच कड नव्हती, म्हणून प्रत्येक पट्टीचें अंतर सारखेंच धरावयाचें होतें. दोन गुणिले बावीस सप्तमांश गुणिले १.२२, म्हणजे ७.६७ मीटर, पांच पट्ट्यांचे मिळून ३८ मीटरांहून कांहीं अधिक. मैदान मोठें असो वा लहान, एका पूर्ण फेरीस हा आंकडा बदलत नाहीं, हेंहि त्यांच्या लगेच लक्षांत आलें. मग ते स्वतः उठले, फीत मागून घेऊन एका मुलाकरवीं अंतर मोजविलें, आणि ज्यानें आरोळी दिली होती त्याच्याकडे वळून म्हणाले, “हिशेब बरोबर आहे.”

घरीं जातांना आमच्याशीं ते पुष्कळ दिवसांनीं मोकळेपणानें बोलले. तुझें पत्र मिळालें होतें, असें त्यांनीं सांगितलें, आणि थोडें थांबून म्हणाले, “तुझ्या आजाला असें कोणीं मोजून दिलें नाहीं रे.” यापुढें या विषयावर आमच्या घरांत कधींहि वाद झाला नाहीं. वडील आज हयात नाहींत. ती कार्यक्रमपत्रिका आमच्याजवळ आहे.

पालकहो, आतां थोडें तुमच्याशीं. दहावीचें वर्ष आलें कीं खेळाचा तास गणितास द्या, विज्ञानास द्या, अशी मागणी तुमच्याकडून होते. मुलांच्या हिताकरितांच होते, हें आम्ही जाणतों. परंतु पांच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनीं रोज सरासरी साठ मिनिटें तरी दम लागेल अशी हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस आहे. आणि शाळा, शिकवणी व मोबाइल यांच्या कात्रींत सांपडलेल्या आमच्या मुलांच्या वांट्याला कित्येकदां आठवड्यांतले हे दोन-तीन तासच येतात. ते काढून घेऊं नका. तुमचा मुलगा कोणत्याहि खेळांत पहिला येणार नाहीं, असें तुम्हांस वाटत असेल, तर मैदानाची खरी जरूर त्यालाच आहे असें समजा.

ज्यांचीं मुलें हाच मार्ग धरूं म्हणतात, त्यांस कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. आमच्या वेळीं पदवीनंतरचा हा अभ्यासक्रम एक वर्षाचा होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांप्रमाणें बी. पी. एड्. दोन वर्षांचें झालें. तेव्हां आधीं पदवी नीट मिळवावी. मैदानाच्या नांवाखालीं पुस्तकाशीं वैर धरणाऱ्यास तेथें शरीरशास्त्र झेपत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुलें असतील तेथें आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा निदान अंशकालीन निदेशक असावा असें ठरविलें आहे. तथापि कायम जागा मुबलक आहेत असें सांगून आम्ही कोणास भुलविणार नाहीं. घरची स्थिति पाहून, विचारपूर्वक निर्णय घ्यावा. मुलींच्या आईबापांस एवढेंच सांगणें आहे कीं तुमच्या मुलीस ही आवड असेल तर तिला मागें खेंचूं नका. वयांत येणाऱ्या मुली आपल्या दुखण्याखुपण्याची गोष्ट ज्या मोकळेपणानें बाईंजवळ बोलतात, तशी ती आमच्याजवळ बोलत नाहींत, आणि म्हणून मैदान सोडून देतात.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं ज्या कोणास पुढें शिटी गळ्यांत घालावयाची असेल, त्यानें आजपासून एक संवय लावून घ्यावी. सामन्यांत पहिला कोण आला हें सर्वच पाहतात; तुम्ही मैदानाच्या कडेला दृष्टि टाकून दप्तरें कोण सांभाळीत आहे तें पाहावें, आणि त्याला खेळांत कसा आणतां येईल याचा विचार करावा. हा विचार ज्याला सुचूं लागला त्याचें शिक्षण सुरू झालें असें खुशाल समजावें. उरलेलें शिकविण्यास महाविद्यालयें आहेतच. सुटीनंतर शाळा उघडेल त्या दिवशीं मैदान आखावयाचें आहे. फीत धरण्यास आणि फक्की ओढण्यास जे येतील त्यांचें स्वागत आहे. येतांना गणिताची वही आणावी.